दुपारचं तेल

आक्कांनी पाय मागे घेतला. एवढंच झालं. कुणाला सांगायला जावं तर हसतील, पण सहा वर्षांत हे पहिल्यांदाच झालं होतं. दुपारचे अडीच-तीन, माडीवरच्या खोलीत उन्हाचा पट्टा सतरंजीपर्यंत आलेला. मी रोजच्यासारखी कोमट तिळतेलाची वाटी घेऊन बसले, सासूबाईंचा उजवा पाय मांडीवर घेतला, पोटरीवर अंगठा टेकवला, आणि त्यांनी पाय काढून घेतला. झटका नाही, राग नाही. लुगडं घोट्यापर्यंत ओढलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आता." आता म्हणजे? आजच्यापुरतं की कायमचं? मी विचारलं नाही. विचारायची आमच्या घरात रीतच नाही. स्वयंपाकघरात आले, तेल परत बुधल्यात ओतलं, थोडं सांडलं, ते बोटानं निपटून स्वतःच्याच मनगटाला लावलं आणि उभ्याउभ्या आपलं काय चुकलं याची उजळणी सुरू केली. जोर कमी पडला असणार. दोन महिने तो पडतच होता, मला का ठाऊक नव्हतं? अंगठ्याच्या बुडाशी अशी कळ उठायची की मी कधी तळहातानं, कधी मुठीनं, कधी कोपरानं भागवत होते आणि म्हातारीला काय कळतंय म्हणून स्वतःला फसवत होते. तिला कळलं होतं. दुसरं काय असणार?

मी तशी आपणहून कुणाचे पाय धरणारी बाई नाही. बार्शीला मॅट्रिकपर्यंत शिकलेय, तोंडानं फटकळ आहे, माहेरी मला 'तिखटाची पुडी' म्हणायचे. पण छप्पन साली यांची जयपूरला बदली झाली, त्याच वर्षी मोहोळला सासरे वारले आणि मोठ्या भावजींनी, म्हणजे सोलापूरच्या उत्तमरावांनी, आक्कांना आमच्याकडे पाठवलं. तेव्हा स्टेशनवर उतरलेली ती बाई मला अजून दिसते. कपाळ मोकळं, हातात एक वळकटी, आणि टांग्याच्या पायरीवर पाय टाकताना तोंडातून हूं की चूं नाही, फक्त डोळे गच्च मिटलेले. माझ्या आईनं सासरी पाठवताना सांगितलं होतं, सासूचे पाय चेपत जा म्हणजे घरात तुझ्यावाचून पान हलणार नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी तेल घेऊन बसले. चोळायला लागले तशा आक्का "आई गं" म्हणाल्या, लांबलचक, अगदी आतून. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, आजवर कुणी यांच्या अंगाला मायेनं हात लावला नसेल. मग मी आणखी जोर लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. खालच्या मजल्यावरची घरमालकीण, मोठी अघळपघळ मारवाडी बाई, जिना चढून आली की दारातूनच म्हणायची, "बीनणी, सास की सेवा कोई तुमसे सीखे." बीनणी म्हणजे सूनबाई. एकदा असं सगळ्या गल्लीत झालं, की मग कोण कशाला थांबवतंय. आजारपण असो, पाहुणे असोत, आमची मधू शाळेतून येऊन "आई, भूख लगी, मतलब भूक लागली" म्हणून मागं उभी असो, दुपारचं तेल चुकलं नाही.

आणि माझं स्वतःचं? ते सत्तावनच्या फ्लूपासून. साथ आली, घरोघर माणसं आडवी झाली, चार दिवसांत उठली आणि कामाला लागली. मी पण उठले. ताप गेला, आणि तापात अंग मोडून येतं ना, ते तेवढं मागं राहिलं. वाटलं, आठवड्यात जाईल. आठवड्याची पाच वर्षं झाली. सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा कळतं ते हे, की झोपून काही उपयोग झालेला नाही. रात्रभर कुणीतरी अंग बडवून काढलंय. बोटं उघडत नाहीत. जयपूरच्या त्या दगडी फरशीवर थंडीत पाय ठेवला की कळ थेट कमरेत. बरं, एका जागी दुखेल तर ते कसलं दुखणं! आज खांद्यात चमक, उद्या कोपरात ठणका, परवा नुसतं सगळं अंग आंबलेलं. बांगड्या मनगटाला टोचतात म्हणून मी दोन-दोनच घालते, तर हळदीकुंकवाला बायका हाताकडे बघून एकमेकींकडे बघतात. मागच्या गल्लीत तांब्याची भांडी ठोकणारे ठठेरे बसतात. वाईट दिवशी त्यांचा एकेक ठोका माझ्या मानेत बसतो, खोटं नाही सांगत. आणि विसरभोळेपणा तर असा की एकदा आमटीत दोनदा मीठ घातलं, आणि हे बिचारे काही न बोलता पाणी पीत जेवले. हे स्वभावानं फार चांगले. तेच तर. वाईट असते तर भांडून मोकळी झाले असते.

एकदाच यांना सांगितलं होतं, साठ साली. हे मला घेऊन एका मोठ्या डॉक्टरकडे गेले, रजा काढून. डॉक्टरनं विचारलं, "कैसा दर्द है?" मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की माझ्याकडे हिंदीत एवढंच आहे, दर्द है. ठसठस कशी सांगू? अंग आंबणं कसं सांगू? मी शब्द जुळवतेय तोवर हेच म्हणाले, "बदन-दर्द की शिकायत है, डॉक्टरसाहब, काम ज़्यादा पड़ता है." डॉक्टरनं पोट दाबलं, गुडघ्यावर हातोडी मारली, रक्त काढलं, एक्स-रेचा फोटो काढला. आठ दिवसांनी सगळं स्वच्छ. काहीच नाही. "कहीं मन लगाइए," म्हणाला, अगदी गोड हसून. येताना यांनी मला चौडा रस्ता म्हणून बाजार आहे, तिथं कुल्फी खायला घातली. म्हणाले, "सुटलो बाई. काही नाहीये तुला." इतके आनंदात होते की मी कुल्फी खाल्ली. त्या दिवसापासून मी कुणाला काही सांगितलं नाही. काहीच नाहीये म्हणल्यावर काय सांगायचं?

तर त्या दुपारी आक्कांनी पाय मागे घेतला, आणि संध्याकाळी हे ऑफिसातून आले, कोट खुंटीला लावता लावता भिंतीकडे बघून म्हणाले, "दादा येतोय परवा. आईला न्यायला." मी पोळी लाटत होते. म्हणलं, "कुणी बोलावलं?" तर म्हणाले, आईनंच. मागच्या आठवड्यात यांना बाजूला घेऊन कार्ड लिहायला लावलं होतं, पत्र मिळताच ये आणि मला घेऊन जा. "का म्हणून?" "काही बोलली नाही. जायचंय म्हणाली." "आणि तुम्ही लिहिलंत?" "आईनं सांगितल्यावर..." "आणि मला आठ दिवस सांगितलं नाहीत." "तू चिडशील म्हणून," म्हणाले. बघा! पोळी तव्यावर जळली आणि मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. चिडले नव्हते मी. मला रडू येत होतं. ती म्हातारी मला आवडते. कुणाला पटायचं नाही, पण खरं आहे. मधूला गोवर आला तेव्हा पाच दिवस तिच्या उशाशी बसून राहिलेली, मी आमटी खारट केली की त्यात पाणी घालून "लई झाक झालीया" म्हणणारी, या परमुलखात माझ्याशी मोहोळचं मराठी बोलणारी एकुलती एक बाई. आणि तिनं मला टाकलं. माझ्या हातात जोर राहिला नाही म्हणून टाकलं. शिवाय सोलापूरला जाऊन ती करणार काय? भावजींची खोली तिसऱ्या मजल्यावर, नळ खाली. शालनवहिनींच्या, म्हणजे माझ्या जावेच्या, पदरात चार पोरं, पाचवं वाटेवर. पाण्याची पहिली घागर कुणाच्या डोक्यावर येणार ते सांगायला नको. आक्का नाही म्हणणार नाहीत. आक्का कधीच नाही म्हणत नाहीत, आणि एकदाच म्हणल्या, ते मला.

पुढचे दोन दिवस मी घरात अशी वावरले की जणू चोरी मीच केली होती. लोकरीची पिशवी दिसली तरी अंगावर काटा यायचा. ती वेगळीच गोष्ट, पण त्या दिवसांत सगळंच एकात एक गुंतत होतं. चीनशी लढाई नुकतीच थांबलेली, सीमेवर बर्फ, आणि आमच्या मराठी बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणायचं काढलेलं. खातीपुऱ्याच्या छावणीतल्या हवालदारांची इंदुबाई घरोघर लोकर देत फिरली. तिचा नवरा तिकडे वर, महिनाभर पत्र नाही, तरी बाई हसतमुख. मी मोठ्या तोऱ्यात म्हणलं, दोन द्या. अर्धी पाठ विणून झाली आणि बोटं अशी वळली की सुई सुटेना. रोज दुपारी तेल झालं की विणायला बसायची, चार ओळी घालायची, गरम पाण्यात हात बुडवून बसायची, परत चार ओळी. शेवटी त्याच दोन दिवसांत इंदुबाईला लोकर परत दिली आणि खोटं सांगितलं की सासूबाईंच्या सेवेतून वेळच होत नाही. सासूबाईंवर ढकललं, लाज नाही वाटली. इंदुबाई म्हणाली, "असू दे वहिनी, मी करते," आणि पिशवी खांद्याला अडकवताना मान एका बाजूला वळवून क्षणभर थांबली. तेव्हा मी पाहिलं, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. आपलं दुखत असलं की दुसऱ्याचं दिसत नाही, असं मला आता वाटतं.

मोठे भावजी आले, आंघोळ केली, जेवले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे भाऊ बाजारात गेले. मधू शाळेत. आक्का वळकटी बांधत होत्या. गाडी उद्या सकाळचीच. मी स्वयंपाकघरात उभी होते आणि माझ्या हातांनी आपोआप बुधला उतरवला, वाटी गरम केली. मनाशी म्हणलं, असू दे, शेवटचा दिवस आहे, आज जीव गेला तरी असं चोळीन की सोलापूरला गेल्यावर आठवण काढतील. जाऊन बसले.

"आक्का, पाय द्या."

"नको म्हनलं न्हवं?"

"आजचा एक दिवस."

"नको, रत्ना."

"का नको?" आणि मग माझा जो तोंडाचा बांध फुटला, विचारू नका. "काय चुकलं माझं ते सांगा आणि मग जा! भांडेवालीला काढताना सुद्धा माणूस कारण सांगतं. सहा वर्षं एक खाडा केला नाही मी. ताप असताना चोळलं, बोटं मोडून पडत होती तरी चोळलं, रडत रडत चोळलं, तुम्हाला दिसू नये म्हणून तोंड तिकडे करून चोळलं..." इथं मी थांबले. माझं बोलणं मलाच ऐकू आलं. आक्कांनी वळकटीची दोरी हातातून सोडली.

"बोटं मोडत व्हती, तर मग चोळत का व्हतीस?"

"तुम्हाला बरं वाटतं म्हणून!"

"मला?" आक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांचं तोंड विचित्र झालं, मला वाटलं आता रडतात की काय. "आगं बये. दुपारी तुजी वाटी खडखडली की मी डोळं गच्च मिटायची. रोज जेवन झाल्यावर मी देवाला हात जोडायची, आज पोरीला झोप लागू दे. माज्या पायाला पदर लागला तरी आग हुती, आन तू अशी रगडायचीस, अशी रगडायचीस..."

"पण तुम्ही 'आई गं' म्हणायचात!"

"मग काय म्हनू? मेले म्हनू?"

मला हसू आलं. खरंच आलं, ते आवरेना, आणि मग आक्कांना आलं. त्या सतरंजीवर आम्ही दोघी अशा हसलो की बरगड्या दुखायला लागल्या, आणि त्या दुखतात म्हणून आणखी हसलो, आणि मधेच कधीतरी मी रडायला लागले ते मला कळलंच नाही. "बोलला का नाहीत, आक्का? सहा वर्षं!" तर म्हणाल्या, "कसं बोलू? पोरगी एवढ्या मायेनं कराया येती. तिला कसं म्हनावं की हात लावू नगं? तुजं मन मोडलं असतं." माझं मन! माझी बोटं गेली, त्यांचे पाय गेले, आणि दोघी एकमेकींचं मन सांभाळत बसलो होतो, कोमट तेलाची वाटी मधे ठेवून.

मग त्या जवळ सरकल्या. उजव्या हाताचं एकच बोट पुढं केलं आणि माझ्या मानेच्या मागं, कवटी संपते तिथं, हलकेच टेकवलं. "हितं?" मी किंचाळले. बोट खांद्याच्या मधोमध आलं. "हितं." गळ्याखालच्या हाडाच्या बुडाशी. "हितं." कोपराच्या बाहेरच्या अंगाला, मग कमरेच्या वर, मग गुडघ्याच्या आतल्या बाजूला. दर वेळी बोट तिथंच, एक जवसुद्धा इकडे-तिकडे नाही, अंधारात आपल्या घरातला दिवा सापडावा तसं. डॉक्टरनं पोट दाबलं होतं. पाच वर्षांत कुणी इथं हात लावला नव्हता, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं की 'इथं' आहे. कधी कधी मलाच वाटायचं की नाहीये, मीच कांगावा करते. आणि ही निरक्षर बाई माझ्या अंगावर बोट ठेवत चालली होती, आणि दर ठिकाणी ते होतं. खरंच होतं. "तुम्हाला कसं कळलं?" "कळायचं काय त्यात. माजंबी हितंच हाय. माज्या धाकट्याच्या, नागनाथाच्या पाठचं पोर गेलं, तवापासनं. बत्तीस वर्सं." बत्तीस वर्षं! "मामंजींना सांगितलं नाहीत?" "सांगितलं की एकदा. म्हनले, बायकांना असतंच." त्या सहज म्हणाल्या, आणि मला चौड्या रस्त्यावरची ती कुल्फी आठवली.

"मग निघालात कशाला?" मी विचारलं. आक्का म्हणाल्या, "त्या दिशी तू सुया हातात धरून रडत व्हतीस, तवा बघितलं मी तुजे हात. वळखलं. म्हनलं, मी हितं हाय तवर ही पोरगी वाटी आननारच. तिला नगं म्हनलं तर तिला वाईट वाटनार. त्यापरीस आपुनच जावं." "आणि तिथं पाण्याच्या घागरी?" "असू दे. शालन चोळत तर न्हाई. तिला येळच न्हाई!" आणि पुन्हा हसल्या. मी त्यांचा हात धरला, घट्ट नाही, नुसता माझ्या हातावर ठेवून घेतला. म्हणलं, "जाऊ नका, आक्का. आता कळलंय तर जाऊ नका. तुम्ही गेलात तर मी परत एकटी." आक्का वळकटीकडे बघत म्हणाल्या, "तिकिटं काढल्याती, रत्ना. पोरगा रजा टाकून आलाय." मग बराच वेळ आम्ही तशाच उन्हात आडव्या पडलो. शब्दांचा खेळ चालला होता जणू. त्या म्हणाल्या, सकाळी उठताना तुला चिखलात रुतल्यागत हुतं का? मी म्हणलं, हो. मी विचारलं, थंडीत दात घासताना जबडा? त्या म्हणाल्या, व्हय की. आणि एकदम मला इंदुबाईची ती वळलेली मान आठवली. आक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग रविवारी जाऊन ये. वळखीनं इचार. बोट मातर हळू लाव."

रविवार म्हणाल्या, पण जाणार की राहणार ते बोलल्या नाहीत. संध्याकाळभर मी जिवावर उदार होऊन स्वयंपाक केला. पिठलं, भाकरी, भावजींना आवडतो तसा लसणाचा ठेचा. पाटावर दोघे भाऊ, मधू कडेला, आणि आक्का वाढायला. भावजी गाडीची वेळ सांगत होते, टांगा किती वाजता बोलवायचा ते. आक्का मधेच म्हणाल्या, "उत्तम, मी न्हाई येत."

भावजींचा घास हातात राहिला. "आता हे काय आई? तूच तर कार्ड धाडलंस. साहेबाच्या पाया पडून रजा घेतली मी."

"घेतलीस, गुनाचा हाईस. पन न्हाई येत. हिला बरं नसतं. माज्याविना हिचं कळनारं कुनी न्हाई हितं."

"कुणाला बरं नसतं?" हे गोंधळून म्हणाले. माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "रत्नाला? तिला काय झालंय?"

"अंग दुखतंय तिचं. पाच वर्सं झाली. रातध्याड."

"पण डॉक्टर तर म्हणाले..."

"डॉक्टरचं दुखत न्हाई," आक्का म्हणाल्या. आवाज चढवला नाही, यांच्या पानात पिठलं वाढलं. "मलाबी तसंच दुखतंय, नागनाथ. तू कडेवर व्हतास तवापासनं." हे तोंड उघडं टाकून आईकडे बघत राहिले. इतका हुशार माणूस, ऑफिसात हजार फायली तोंडपाठ, आणि त्या घटकेला चेहरा अगदी शाळेत मार खाल्लेल्या पोराचा. "आई, मला कधी सांगितलं का नाहीस?" असं म्हणाले. आक्का म्हणाल्या, "तू इचारलंस व्हय कवा?" बोचावं म्हणून नाही, अगदी लाडानं, आणि वर थोडं तूप सोडलं. भावजी खाली बघून भाकरी कुस्करायला लागले. शालनवहिनींचं नाव त्यांच्या ओठांवर येऊन गेलं असं मला वाटलं. मग म्हणाले, "बरं. मी एकटाच जातो. तिकिटाचं बघू." मधू म्हणाली, "मतलब आजी रुकणार?" आक्कांनी तिच्या ताटातला ठेचा काढून आपल्याकडे घेतला.

जेवणं उरकली. भावजी मधूला घेऊन गच्चीत गेले, आक्का खोलीत वळकटी सोडायला. हे उठले नाहीत. ताटात हात वाळत चाललेला, तसेच बसून होते. मी शेगडीतले निखारे सारखे करत होते आणि मला पाठीवर त्यांची नजर कळत होती. एवढ्या वर्षांत हा माणूस माझ्यावर कधी ओरडला नाही, हात उगारला नाही, आणि त्याच्या त्या चांगुलपणाशी मी किती एकटी होते ते मला त्या क्षणी इतकं लख्ख कळलं की राग यायच्या ऐवजी त्याचीच कीव आली. त्यालाही कुणी शिकवलं नव्हतं. घसा खाकरला, थांबला, परत खाकरला. मग म्हणाला, "रत्ना... कुठं कुठं दुखतं गं?"

मी चिमटा खाली ठेवला.

"आधी हात धुऊन या," मी म्हणलं. "आणि नीट मांडी घालून बसा. वेळ लागणार आहे."